काऊ न आला

आपल्या लेखणीतून उतरलेल्या वाक्याला दुसरा अर्थ असूच शकत नाही, असे आंजी (मोठी) येथील शाळेत मराठी शिकविणारे अण्णाजी भोयर छातीवर हात ठेवून सांगत असत. आणि ऐकणाऱ्याने मान डोलावण्यास किंचित उशीर केला, तर तेच पुन्हा उदाहरणांसह सांगत. त्यांचे गद्य जुन्या वळणाचे होते. कर्त्याने वाक्याच्या आरंभी घर सोडावे, विशेषणांच्या गावी मुक्काम करीत करीत वाट चालावी, आणि क्रियापदाची व त्याची भेट पानाच्या तळाशी व्हावी, अशी त्यांची रीत. वर्गातली पोरे कर्ता निघाला की डुलकी काढीत आणि क्रियापद येण्याच्या सुमारास सवयीने जागी होत.

अशा या गृहस्थाने एकोणऐंशी सालच्या जानेवारीत, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, कावळ्यावर नाटक लिहिले.

लहान मुलांच्या गोष्टीतला कावळा शेणाच्या घरात राहतो आणि चिमणी मेणाच्या, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक असते. पण कावळा मुळात शेणाच्या घरात का गेला, हे कोणीच सांगत नाही, असा अण्णाजींचा आक्षेप होता. "कार्य आहे आणि कारण नाही, ही कथा म्हणायची की अफवा?" असे त्यांनी मुख्याध्यापक रूपरावांना विचारले. रूपरावांना शाळेच्या छपरावरचे टिन बदलायचे होते, म्हणून त्यांनी "अफवाच," असे सांगून सुटका करून घेतली.

नाटकातले कारण असे होते. कावळा हा पूर्वी पाखरांतला उत्तम गवंडी. मेणाचे घर मूळचे त्याचे. परंतु त्याला वाद घालण्याचा नाद. बाप मरणपंथाला लागला असता तो वाटेत एका ढगाशी 'तू आधी गडगडतोस की आधी चमकतोस' या मुद्द्यावर भांडत राहिला, आणि बापाच्या शेवटच्या घासाला पोहोचला नाही. तेव्हा थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. कावळ्याने मेणाचे घर चिमणीला देऊन टाकले, आपण शेणात राहिला, आणि ज्याच्या हातून आपल्या बापाचा घास चुकला त्याने यापुढे जगातल्या प्रत्येकाच्या बापाच्या घासाला हजर राहावे, असे व्रत घेतले. शेवटच्या प्रवेशात तो थोरल्या भावाच्या पायांवर डोके ठेवतो. पडदा.

हे वाचून रूपराव हळूच म्हणाले, "गुरुजी, हे तुमच्या घरचं तर नाई?"

अण्णाजींनी चष्मा पुसला.

ते घरचेच होते. अण्णाजींचे गाव अल्लीपूर. बरीच वर्षे झाली, वडिलांचा दसवा नदीकाठी चालला होता. भैयाजी महाराज पिंड देण्याचा मंत्र म्हणत होते, आणि जेथे 'पित्रे' म्हणायचे तेथे ते 'पिता' म्हणाले. अण्णाजींनी हात वर केला.

"महाराज, ही प्रथमा झाली. येथे चतुर्थी हवी. पिंड पित्याला द्यायचा आहे. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे वडील देत आहेत आणि आम्ही घेत आहोत."

"तुह्या आज्याचा पिंड मी असाच देल्ला गा," भैयाजी महाराज म्हणाले. "तो काही मले विचाराले परत आला नाई."

"परत आले नाहीत, हा व्याकरणाचा पुरावा होत नाही."

वाद रंगला. सूर्य डोक्यावर आला. बाभळीवर जमलेल्या कावळ्यांनी बराच वेळ दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मग, बहुधा एखाद्या कमी शिकलेल्या कुटुंबात कोणी मेले असेल त्या दिशेने, ते एकेक करून उडून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवावा लागला. थोरले बंधू नत्थूजी यांनी ओल्या धोतरानेच अण्णाजींसमोर येऊन सांगितले, "बाप उपाशी गेला. तुह्या चतुर्थीपायी गेला. आता माह्या दारात पाय ठेवजो नको."

अण्णाजींनी पाय ठेवला नाही. आई, रुख्माबाई, नत्थूजींकडे राहत होती. म्हणजे त्या दाराबरोबर आईही बंद झाली.

त्या जानेवारीत संक्रांत झाली आणि सेलूहून मावशी, शकुबाई, आली. तिने ओसरीवर बसून पाणी प्यायले, पदराने तोंड पुसले आणि सांगितले, "बुढीनं अंथरूण धरलं, अण्णा. रोज तुह्यं नाव घेते. यंदाचा उन्हाळा काही ती पाहात नाई."

अण्णाजींच्या पत्नी शोभाबाई चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं जा."

"दादाने मज्जाव केला आहे."

"मंग माफी मांगा."

"क्षमायाचनेचेही एक गद्य असते," अण्णाजी म्हणाले. "ती दारात उभे राहून, हातात पिशवी घेऊन, होत नसते."

शोभाबाईंनी भाकरी तव्यावर अशी आपटली की शकुबाईने चहा नको म्हणून सांगितले.

तर क्षमायाचनेचे ते गद्य म्हणजे हे नाटक. थोरल्या भावाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवावे, पहिल्या रांगेत बसवावे, आणि जे तोंडाने म्हणता येत नाही ते कावळ्याच्या तोंडून त्याच्या पायांवर घालावे, अशी योजना होती. रूपरावांनी शाळेच्या वतीने निमंत्रण धाडले; मजकूर अण्णाजींचाच. नत्थूजी येतो म्हणाले. अण्णाजींना वाटले, गद्याचा प्रभाव. खरे कारण त्यांना पुढे कळले.

राहिले शीर्षक. अण्णाजींनी ठरविले होते, 'काऊ न आला'.

"साधं 'कावळा आला नाही' म्हना ना," रूपराव म्हणाले.

"'कावळा आला नाही' ही बातमी आहे. 'काऊ न आला' हे साहित्य आहे. नकार क्रियापदाच्या आधी येतो, तेव्हा अनुपस्थिती आधी जाणवते आणि येणे मागून ऐकू येते."

"पण गुरुजी, आपल्या इकडं..."

"माझ्या वाक्याला दुसरा अर्थ नसतो, रूपरावजी."

रूपरावांना जे सांगायचे होते ते छपराच्या टिनाखालीच राहिले.

कापडी फलक रंगविण्याचे काम चिंधू पेंटरकडे गेले. चिंधू हा अण्णाजींचा जुना विद्यार्थी. त्याच्या हाताला वळण होते. पण प्रश्नार्थक वाक्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायला तो विसरे, आणि त्याबद्दल अण्णाजींनी त्याच्या तळहातावर इतक्या छड्या ओढल्या होत्या की त्याला ब्रश धरताना आजही प्रश्नचिन्हाची आठवण होत असे. अण्णाजींनी त्याला शब्द लिहून दिले, अक्षरांची उंची सांगितली, शिरोरेघ किती जाड हवी ते सांगितले. शब्दांमध्ये जागा किती सोडायची, ते मात्र सांगितले नाही. शब्दांमध्ये जागा सोडायची असते, हे सांगावे लागेल असे त्यांना वाटले नाही.

संमेलनाच्या दिवशी दुपारी मांडव भरला. अण्णाजी पडद्यामागे, चिमणी झालेल्या सुलोचनेकडून तिचे पहिले वाक्य घोटून घेत होते. कावळा दार ठोठावतो, चिमणीने आतून विचारायचे, "हे कृष्णवर्ण अतिथे, कशास्तव तुझे येथे आगमन झाले?" सुलोचना ते तीनदा बरोबर म्हणाली आणि चौथ्यांदा तिला उचकी लागली.

इतक्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. अण्णाजी धोतर सावरीत धावले.

मांडवाच्या दारावर फलक झळकत होता. निळ्या कापडावर, पांढऱ्या, ठसठशीत, निर्दोष उंचीच्या अक्षरांत:

काऊन आला?
प्रमुख पाहुणे : श्री. नत्थूजी भोयर, अल्लीपूर

आणि त्या फलकाच्या बरोबर खाली, फेटा बांधून, वर बघत, श्री. नत्थूजी भोयर उभे होते.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी एवढे सांगणे पुरे की 'काऊन' म्हणजे 'का'. ज्या भावाला वर्षानुवर्षे बोलावले नाही, त्याला निमंत्रण धाडून बोलावले, आणि दारात विचारले, का आलास.

अण्णाजींच्या घशातून आवाज निघाला तो चिंधूसाठी. चिंधू जवळच उभा होता, डबा हातात, चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"हे काय केलेस?"

"बरोबर केलं ना, गुरुजी? तुमी घाईत 'काऊ' अन् 'न' तोडून लिवलं होतं, ते मी जोडून घेतलं. अन् शेवटचं प्रश्नचिन्ह तुमीच इसरले. मंग मीच टाकून देल्लं." तो लाजला. "तुमचीच शिकवण."

रूपराव पुढे झाले. त्यांनी नत्थूजींचा हात धरला, "पेंटरची चूक आहे, नाटकाचं नाव हाये ते, तुमाले नाई," असे म्हणत त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसविले. नत्थूजी बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि धाकट्या भावाकडे न पाहता म्हणाले, "ठीक हाये. चूक होते माणसाच्या हातून."

हे वाक्य ऐकून अण्णाजींना भरून आले. येथेच थांबते तर बरे होते.

पडदा उघडला. काळे घोंगडे पांघरलेल्या कावळ्याने दार ठोठावले. सुलोचनेने तोंड उघडले. समोर सारे गाव, पहिल्या रांगेत फेटा काढून बसलेला एक करड्या मिशांचा माणूस, आणि डोक्यात कृष्णवर्ण अतिथी कुठेच नाही. तिने घाबरून, ज्या भाषेत ती घरी दार उघडते त्या भाषेत, खणखणीत विचारले:

"काऊन आला?"

मांडव कोसळायचा तेवढा बाकी राहिला. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "सांगा ना नत्थूजी, काऊन आले तर!" बायका पदर तोंडात धरून हसू लागल्या. नत्थूजींच्या मानेवरची शीर ताठ झाली.

हसण्यावर उपाय एकच, तो म्हणजे स्पष्टीकरण, अशी अण्णाजींची आयुष्यभराची श्रद्धा. ते रंगमंचावर चढले, कावळ्याला बाजूला सारले आणि ध्वनिक्षेपक हाती घेतला.

"श्रोतेहो, या नाटकाच्या नावाविषयी एक अनर्थकारी गैरसमज झालेला आहे. ते नाव 'काऊन आला' असे नाही. ते तीन स्वतंत्र शब्द आहेत. काऊ, म्हणजे कावळा. न, म्हणजे नाही. आला. कावळा आला नाही. याखेरीज त्याला दुसरा कोणताही अर्थ नाही."

हसणे थांबले. एकदम थांबले. मांडवात अल्लीपूरची, हिंगणघाटकडची सोयरीकवाली माणसे होती, आणि भोयरांच्या बापाला कावळा शिवला नव्हता, हे त्यातल्या पुष्कळांना ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना शेजाऱ्याने कानात सांगितले. ती कुजबुज पहिल्या रांगेकडे सरकत येताना अण्णाजींना वरून दिसली, आणि आपल्या वाक्याचा जो एकच अर्थ होता तो काय होता, हे त्यांना प्रथमच कळले.

नत्थूजी उठले.

"दादा, शेवटचा प्रवेश बघा," अण्णाजी ध्वनिक्षेपकातच म्हणाले. "शेवटच्या प्रवेशात तो..."

"पयला अर्थ चूक होता तोवर मी बसलो होतो," नत्थूजी म्हणाले. त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. "हा दुसरा खरा निघाला. बापाच्या दसव्याचं नाटक मांडलं तुनं, अन् मले पयल्या रांगेत बसवलं."

ते जीपकडे चालू लागले. अण्णाजी मागून धावले, तोवर नत्थूजी आत बसून समोर पाहत होते. जीप चालविणारा प्रेमदास तेवढा खाली उतरून खालच्या आवाजात बोलला, "गुरुजी, बुढीनं पाठवलं होतं त्याईले. म्हने, नाटक पाह्य अन् येताना अण्णाले संग घेऊन ये. मागची सीट खाली ठेवली होती तुमच्यासाठी."

जीप गेली. मागची सीट रिकामी होती, ती दूरवर दिसत राहिली.

त्या संध्याकाळी शोभाबाई एकच म्हणाल्या, "आता तरी जा. पायी जा, रांगत जा, पन जा."

अण्णाजी पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात कर्ता चुकला. दुसऱ्यात कर्ता सापडला. पण तो आपणच आहोत, हे त्यांच्याने वाचवेना. तिसऱ्यात त्यांनी कर्मणी प्रयोग केला, 'चूक केली गेली', आणि तो त्यांना स्वतःलाच भ्याडपणाचा वाटला. शोभाबाई येता जाता विचारीत, "झालं का जी?" ते म्हणत, "क्रियापद राहिले आहे." क्रियापद मिळण्याआधी एका सकाळी अल्लीपूरचा माणूस सायकल ओढीत दारात उभा राहिला. त्याने टोपी काढली, आणि सांगण्यासारखे मग काही उरले नाही.

अंत्ययात्रेत नत्थूजींनी त्यांना अडविले नाही. खांदाही देऊ दिला. अण्णाजींच्या वाट्याला मागची डावी बाजू आली.

दसव्याला तीच नदी, तीच बाभूळ, आणि तेच भैयाजी महाराज, आता दात नसलेले. पिंड मांडला. सगळे मागे सरले. बाभळीवर कावळे होते, भरपूर होते. एकही खाली येईना.

नत्थूजींनी हात जोडले. "माय, नातीचं लग्न मी करून देतो. काळजी नको करू." कावळे स्थिर. "तुह्यी गाय विकत नाई." एका कावळ्याने चोच पंखात खुपसली. "तुह्या नावानं गावजेवण घालतो." काहीच नाही. ऊन चढू लागले. भैयाजी महाराजांनी दर्भाकडे पाहिले, आणि तसे पाहताना त्यांना नत्थूजींनी पाहिले.

शकुबाई मागे बसली होती. ती म्हणाली, "गायीचं अन् जेवणाचं काय सांगून राह्यला तिले? तिची ओढ कायची होती, तुले मालूम नाई?"

नत्थूजी नदीकडे बघत बोलले, आणि ते कोणाशी बोलत आहेत हे सर्वांना समजले.

"रोज विचारे बुढी. अण्णा काऊन नाई आला? मी गप राहू. मले काय सांगता येत होतं? शेवटच्या दिशी बी तेच. काऊन नाई आला? म्या म्हटलं, माय, त्यालेच इचार." त्यांनी बाभळीकडे बोट केले. "आता सांग तिले. ती बसली हाये वर."

सारे अण्णाजींकडे वळले. अण्णाजी एक पाऊल पुढे आले, त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "हे माते, ज्या अपरिहार्य परिस्थितीने, माझी इच्छा प्रबळ असतानाही..."

पिंडाच्या सर्वांत जवळचा कावळा उडाला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

"अजी," शोभाबाई दातांआडून म्हणाल्या, "मायशी बोलून राह्यले तुमी."

अण्णाजी थांबले. शाळेत शिरल्यापासून जी भाषा त्यांनी जिभेला शिवू दिली नव्हती, ती वर यायला वेळ लागला; आणि आली ती पोरासारखी, अडखळत.

"माय," ते म्हणाले, "मले लाज वाटे. म्हणून नाई आलो. दादाचं काही चुकलं नाई. बापाच्या टायमालेबी माह्यंच चुकलं, अन् आताबी. नुसतं यायचं होतं. आलो नाई."

त्यात विशेषण नव्हते. साऱ्याच वाक्यांत कर्ता आणि क्रियापद एकमेकांना लागून होते, आणि दुसरा अर्थ कुठूनही निघत नव्हता.

बाभळीवरून एक कावळा उतरला. तो कुणाकडे न पाहता, मोजक्या उड्या मारीत पिंडापाशी आला आणि त्याने चोच घातली. शकुबाईने पदर डोळ्यांना लावला. नत्थूजींनी धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला.

भैयाजी महाराजांनी समाधानाने मंत्र पुढे चालविला. आणि जेथे 'मात्रे' म्हणायचे, तेथे ते, पूर्वीच्याच ठसक्यात, 'माता' म्हणाले.

अण्णाजींचा उजवा हात आपोआप वर गेला.

कावळा घास चोचीत धरून थांबला. भैयाजी महाराजांनी डोळे मिटून घेतले, जणू छप्पर पडते आहे. हात पुरता वर जाण्याआधी नत्थूजींनी तो मनगटापाशी पकडला आणि कानाशी लागून, अगदी हळू, म्हणाले, "अण्णा, हात खाली घे गा. खाऊ दे बुढीले."

बुढीले. अण्णाजींनी मनातल्या मनात तपासून पाहिले. चतुर्थी बिनचूक होती.

त्यांनी हात खाली घेतला.